प्रकरण सातवे : वाट न चुकणारा वाटाड्या

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकात रेंजर नावाचा एक पात्रवर्ग आहे. रानात वाढलेला, माग काढणारा, धनुष्यात तरबेज असा हा माणूस. हा वर्ग निवडणाऱ्या खेळाडूने सुरुवातीलाच आपला भूप्रदेश ठरवायचा असतो : जंगल, डोंगर, दलदल, वाळवंट वगैरे. जंगल निवडलं की तिथे त्याची टोळी जादूखेरीज दुसऱ्या कशानेही वाट चुकत नाही. दाट झाडोऱ्यातून तासन्‌तास चाललं तरी तिची चाल मंदावत नाही. अन्न शोधायला बसला, तर नेहमीच्या दुप्पट अन्न त्याला मिळतं.

कागदावर हा भलताच कर्तबगार माणूस आहे. आता त्याला भर श्रावणात गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला आणून सोडा. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे एकमेकींना मिळतात आणि पर्लकोटेचं पाणी चढलं की पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. खेळ चालवणाऱ्याने मेहनतीने नकाशा काढलाय. कुठला नाला कधी फुगतो, कुठे डोंगा मिळेल, कुठल्या पायवाटेवर वाघाचे पंजे उमटलेत, सगळं लिहून ठेवलंय. रेंजर म्हणतो, “हे माझं जंगल. आम्ही चुकत नाही.” खेळ चालवणारा पान उलटतो : “बरं, चौथ्या दिवशी तुम्ही पोचलात.”

ज्याने रानासाठी रेंजर घेतला, त्याच्याच नियमाने रान खेळातून काढून टाकलं. पुढच्या काही वर्षांत या वर्गाबद्दल इतकी कुरकुर झाली, की २०२० मध्ये प्रकाशकांनी त्या नियमाला पर्याय दिला आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तो काढूनच टाकला. लढाईत रेंजर कमी पडतो, ही तक्रारीची एक बाजू होती. दुसरी बाजू जास्त शिकवणारी आहे : ताकद देऊनही माणूस निरुपयोगी कसा होतो? पात्रवर्गांचा तोल आणि जादूच्या वस्तू हे दोन विषय बहुतेक ठिकाणी वेगवेगळे शिकवले जातात. त्यांचं मूळ मात्र या एकाच प्रश्नात आहे.

तीन वर्ग, एक तराजू

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाजारात आला. पहिली छपाई अवघ्या हजार संचांची. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग चालवतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतंय हे तोंडाने सांगतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासा पडतो. त्यातला वीस बाजूंचा फासा आता या खेळाची खूणच झालाय.

पहिल्या संचात वर्ग तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि देवाच्या कृपेवर चालणारा क्लेरिक. कुलपं उघडणारा, सापळे ओळखणारा चोर पुढच्या वर्षी, १९७५ च्या पुरवणीतून आला. तेव्हाचा तोल आजच्या खेळाडूला विचित्र वाटेल, कारण तो एका क्षणात मोजायचाच नव्हता. तो खेळाच्या अनेक महिन्यांवर पसरलेला होता. जादूगार सुरुवातीला अगदी दुबळा. त्याला चिलखत चालत नसे, शस्त्र म्हणून खंजीर, आणि दिवसाला एकच मंत्र. तो म्हटला की डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून उचललेली. १९७८ च्या नियमांत लढवय्याचा जीव दहा बाजूंच्या फाशावर ठरे, तर जादूगाराचा चार बाजूंच्या. पुढची पायरी गाठायलाही चोराला साधारण साडेबाराशे गुण पुरत, लढवय्याला दोन हजार लागत, जादूगाराला अडीच हजार. म्हणजे जो शेवटी सगळ्यांत बलाढ्य होणार, त्याला सुरुवातीला सगळ्यांत जास्त सोसावं लागे. तोवर टिकला तर.

या तराजूचं दुसरं पारडं जादूच्या वस्तूंचं होतं, आणि ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खजिन्यात काय सापडलं हे फासा टाकून तक्त्यावरून ठरे, आणि त्या तक्त्यात तलवारींचा वाटा चांगला घसघशीत होता. सुरुवातीच्या नियमांत जादूची तलवार फक्त लढवय्याला चालवता येई. जादूगाराला खंजिरापुढे परवानगी नाही, क्लेरिकला धारदार शस्त्र वर्ज्य. जादूगार मंत्रांनी वाढे, लढवय्या सापडलेल्या वस्तूंनी वाढे. वस्तू हे लढवय्याचं मंत्रपुस्तक होतं, म्हणायला हरकत नाही.

तराजू मोडला कसा

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने नियमांची झाडझूड केली. बऱ्याच गोष्टी सोप्या आणि सुसंगत झाल्या. सगळ्या वर्गांना पुढच्या पायरीसाठी सारखेच गुण लागू लागले. जादूच्या वस्तूंना किमती लागल्या, कुठल्या पायरीवर कुणाकडे किती मोलाचा ऐवज असावा याचा तक्ता आला, आणि योग्य कौशल्य घेतलं तर जादूगाराला वस्तू स्वतः बनवता येऊ लागल्या.

प्रत्येक बदल एकटा पाहिला तर समजूतदार वाटतो. एकत्र आल्यावर त्यांनी जादूगाराचे सगळे लगाम सोडले. कुलूप उघडण्याचा एक साधा मंत्र आहे. तो पन्नास वेळा चालणाऱ्या छडीत भरून ठेवता येई. एकदा ती छडी कमरेला लागली की चोराने वर्षभर घासलेलं कौशल्य पन्नास दारांपुरतं रद्द. जखम भरण्याची छडी घेतली की क्लेरिकची निकड गेली. वरच्या पायऱ्यांवर लढवय्या एका वाराचे दोन वार, दोनाचे तीन असा वाढत राही आणि जादूगार उडत, अदृश्य होत, माणसं परत जिवंत करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसे. लढवय्या बेरजेने वाढतो आणि जादूगार गुणाकाराने, ही तक्रार खेळाडूंच्या तोंडी बसली ती याच काळात.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने उलट टोक गाठलं. सगळ्या वर्गांना एकाच साच्याची आयुधं दिली : काही केव्हाही वापरायची, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. आकडे छान जुळले. पण पुष्कळांना वाटलं, की लढवय्या आणि जादूगार आता नावापुरतेच वेगळे उरलेत. समान वाटप झालं आणि वेगळेपण गेलं.

२०१४ ची पाचवी आवृत्ती मधली वाट धरते. तिच्यात बलवान वस्तूशी पात्राला आधी नातं जोडावं लागतं. थोडा वेळ त्या वस्तूसोबत घालवायचा, आणि असं नातं एका वेळी फक्त तीन वस्तूंशी. अंगावर जादूच्या वस्तूंचा ढीग घालून मिरवणारा वीर या एका नियमाने संपला. वस्तू मिळालीच पाहिजे हे गणितही काढून टाकलं. न मिळाली तरी खेळ चालतो.

वडसा आणि तोलाचा अर्थ

पन्नास वर्षांच्या या खटाटोपातून एक गोष्ट स्पष्ट होते. तोल आकड्यांत शोधला की हातून निसटतो. तो शोधायची जागा गडचिरोली जिल्ह्यातच आहे. दिवाळीनंतर वडसा, म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळ्यांनी गजबजतं. तिथून निघालेली नाटकं गावोगावी रात्रभर चालतात. त्यात नायकाला जितका वेळ तितकाच विनोदी नटाला, असं घड्याळ लावून कुणी मोजत नाही. खलनायकाचे प्रवेश तीनच असतील. पण प्रत्येकाचा असा एक प्रवेश असतोच, ज्याची पेंगुळलेला प्रेक्षकही वाट पाहतो आणि जो दुसऱ्या कुणाला देता येत नाही. गाणारीची लावणी खलनायक म्हणत नाही.

खेळातला तोल तोच. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला त्याचा प्रवेश आला पाहिजे, आणि तो दुसऱ्याच्या मंत्राने किंवा वस्तूने गिळला जाता कामा नये. चोर आणि छडीची गोष्ट दुसऱ्याने प्रवेश गिळल्याची. रेंजरची गोष्ट त्याहून वाईट. त्याला प्रवेश न करताच टाळी मिळाली.

चांद्याहून वैरागडला

आता हे प्रत्यक्ष मांडून पाहू. काळ अकबराचा, चांद्याच्या गादीवर गोंड राजा बाबाजी बल्लाळशाह. चार जणांच्या टोळीने चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, वैरागडला जायचंय. वैरागड आज गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात येतं. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. वाटेत मूलच्या बाजूचं जंगल आणि मग वैनगंगा ओलांडणं.

टोळीत चौघं : राजाचा एक शिपाई, रानवाटांची माहिती असलेली एक बाई, पोथ्या वाचणारा जादूगार आणि औषधं जाणणारा वैदू. रान या टोळीला काय काय विचारतं ते बघा. उन्हाळ्यात निघालात तर नाले कोरडे. पाणी कुठल्या डोहात उरलंय? मोहफुलं वेचायला माणसं पहाटे बाहेर पडतात, अस्वलंही त्याच झाडाखाली येतात. कुणी कधी जायचं? पावसाळ्यात निघालात तर खायला सात्यांची आळंबी आहे, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब आहेत. पण कुठली आळंबी खायची आणि कुठली नाही? फुगलेली वैनगंगा ओलांडायला ढिवरांचा डोंगा हवा. त्यांनी आपल्याला का न्यावं, त्या बदल्यात काय मागतील? ओझं किती न्यायचं आणि मागे काय ठेवायचं? रात्री कुठे टेकायचं?

यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्या बाईचा किंवा वैदूचा प्रवेश आहे. आणि आता खेळातल्या अगदी मामुली जादूकडे बघा. एक पहिल्या पायरीचा मंत्र दहा बोरं तयार करतो. एका बोरावर एका माणसाचा दिवस निघतो. सात्या आणि वास्ते गेले. एक थैली आहे, तिच्यात पाचशे पौंडांचं सामान मावतं आणि तिचं स्वतःचं वजन त्याने वाढत नाही. ओझ्याचा प्रश्न गेला. पाणी निर्माण करणारा मंत्र आहे, डोह गेला. तिसऱ्या पायरीच्या मंत्राने आठ तास टिकणारा घुमट उभा राहतो, आत पाऊस येत नाही आणि बाहेरचं जनावरही येत नाही, रात्र गेली. उडण्याचा मंत्र आला की ढिवराशी बोलायची गरजही गेली, आणि त्याच्याबरोबर एक चांगलं पात्र गेलं.

लढाईच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही. कारण नुकसान मोजायचं झालं तर आपण वार आणि जखमा मोजतो, हरवलेले प्रवेश मोजत नाही. गडचिरोलीसारख्या चौदा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या आणि निम्म्याहून बऱ्याच जास्त भागावर जंगल असलेल्या जिल्ह्यात खेळ मांडला, की ही चोरी ठळक होते. भुयारात बसलेल्या राक्षसापुढे बोरांचा मंत्र किरकोळ आहे. रानात तो अणुबॉम्ब आहे.

वस्तूची अट

मग जादूच्या वस्तू द्यायच्याच नाहीत का? द्यायच्या. पण आपल्या कथांनी त्या कशा दिल्या ते आधी आठवायचं. महाभारतात एकही मोठं आयुध बिनशर्त नाही. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच चालणार होती. अर्जुनासाठी राखलेली ती घटोत्कचावर खर्चावी लागली, आणि कथेचा सगळा ताण त्या ‘एकदाच’मध्ये आहे. शिवाय ती मिळवताना कर्णाने कवचकुंडलं उतरवून दिली होती. एक वस्तू घेताना दुसरी सोडली. सूर्याने दिलेलं अक्षयपात्र रोज अन्न देई, पण द्रौपदी जेवेपर्यंतच. ती जेवली आणि मग दुर्वास शिष्यांसह आले, म्हणूनच गोष्ट घडली. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येत होतं, परत घेता येत नव्हतं. आणि कृष्णाच्या निर्याणानंतर अर्जुनाच्या हातात गांडीव होतं, तरी लुटारूंपुढे ते चाललं नाही, अक्षय भाते रिकामे झाले.

एकदा वापर, रोज एक मर्यादा, बदल्यात त्याग, अपुरं ज्ञान, मालकाशी जोडलेलं बळ : आधुनिक नियमपुस्तकांनी वस्तूंना घातलेली बहुतेक बंधनं या यादीत सापडतात. फरक असा, की नियमपुस्तकात ती तोल राखायला घातलेली असतात आणि महाभारतात ती गोष्ट घडवतात. चांगल्या खेळात या दोन गोष्टी एकच व्हायला हव्यात. अक्षयपात्र टोळीला द्या खुशाल. पण सगळ्यांत शेवटी कोण जेवणार हे रोज ठरवावं लागेल, आणि रानात उशिरा भेटलेला पाहुणा उपाशी जाईल.

चंद्रपूरची जन्मकथाही या नजरेने वाचण्यासारखी आहे. बल्लारपूरहून राज्य करणाऱ्या खांडक्या बल्लाळशाहच्या अंगभर गाठी होत्या, असं दंतकथा सांगते. शिकारीत तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातलं पाणी प्यायला, हात-तोंड धुतलं आणि त्याचा त्रास ओसरला. राणीने ते ओळखलं आणि त्याला पुन्हा तिथे नेलं; तिथेच अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे राजाला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. त्याचा अर्थही राणीनेच लावला : सशाच्या वाटेवरून कोट बांध. तोच आजचा जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर या चार दरवाजांचा चांद्याचा परकोट.

खेळ रचणाऱ्याला यातून दोन गोष्टी घेता येतात. इथली जादू थैलीत मावत नाही. ती एका जागेला बांधलेली आहे. झरपटचं पाणी बाटलीत भरून वैरागडला नेता येत नसेल, तर आजारी सोबत्याला उचलून झरपटवर आणावं लागेल, आणि तो प्रवास हाच खेळ होईल. दुसरी गोष्ट वाटणीची आहे. चमत्कार राजाला दिसतो, पण त्याचा अर्थ राणी लावते. जादू एकाच्या हाती आणि समज दुसऱ्याच्या, अशी वस्तू दोन पात्रांना एकमेकांची गरज लावते. मूळ खेळात तलवारी लढवय्यासाठी राखल्या होत्या, त्यापेक्षा ही वाटणी अधिक बारकाईची आहे.

वैरागडचे हिरेही असेच उपयोगी पडतात. पाचव्या आवृत्तीत नुकत्याच मेलेल्या माणसाला परत आणायला तीनशे सोन्याच्या नाण्यांचे हिरे जाळावे लागतात, त्याहून मोठ्या मंत्राला पाचशेचा हिरा. बहुतेक टोळ्या हा हिशेब दुकानातून भागवतात आणि मरणाची भीती संपते. आता हिऱ्यांना एकच खाण ठेवा, तिच्यावर राजाचा पहारा ठेवा. मेलेल्याला परत आणणं वैदूला लगेच अवघड होतं, शिपायाची सलगी कामी येते, रानवाटा जाणणारीला पहारा चुकवायची वाट काढावी लागते. एकही आकडा न बदलता टोळीतल्यांच्या वाट्याला प्रवेश आले.

काय लुटीत धरायचं नाही

इथे एक मर्यादा सांगायला हवी. तारूचं ताडोबातलं ठाणं, सुरजागडच्या डोंगरावरचा ठाकूरदेव, गोंडांचा पेर्सा पेन ही आजच्या माणसांची दैवतं आहेत. त्यांच्या यात्रा भरतात, नवस फेडले जातात. त्यांना ‘दुर्मीळ वस्तू, किंमत अमुक नाणी’ अशा ओळीत बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात हात घालणं. माडिया किंवा गोंड पात्राला जन्मजात जादूटोणा किंवा जन्मजात माग काढणं देऊन टाकणंही तितकंच चुकीचं. वाट ओळखणं हे शिकलेलं ज्ञान आहे. ते वर्गाचं असावं, जातीजमातीचं नाही. खेळाच्या प्रकाशकांनाही याचा विचार करावा लागला, आणि २०२४ च्या आवृत्तीत त्यांनी पात्रांच्या ‘वंशा’ची परिभाषाच बदलली.

तीन प्रश्न

आता पुन्हा त्या रेंजरकडे. त्याला दुरुस्त करायला त्याची ताकद वाढवायची गरज नाही. ‘वाट चुकत नाही’ याऐवजी नियम असा लिहा : रोज सकाळी त्याने पुढच्या वाटेबद्दल एक प्रश्न विचारावा आणि खेळ चालवणाऱ्याने त्याचं खरं उत्तर द्यावं. नाला उतरला का? ही पायवाट कोण वापरतं? वाघीण पिलांसह आहे का? उत्तर मिळालं तरी निर्णय टोळीचाच राहतो. रान जागेवर राहतं, आणि त्या रानात सगळ्यांत मोलाचा माणूस तोच ठरतो.

जादूची वस्तू टेबलावर ठेवण्याआधी हेच तपासावं. ही वस्तू अडचण सोडवायला मदत करते, की अडचणच पुसून टाकते? हिने कुणाचा प्रवेश गिळला जातो का? हिची अट वापरणाऱ्याला काही ठरवायला लावते, की नुसती मोजदाद वाढवते? पहिल्या दोन प्रश्नांना वस्तू अडखळली तर ती कितीही लहान असली तरी नको; पार केले तर ती गांडिवाएवढी मोठी असली तरी चालेल. बळाची भीती बाळगणाऱ्या नियमकर्त्यांनी पन्नास वर्षं आकडे कापले. आकडे कमी-जास्त असूनही टेबल रंगतं, हे प्रत्येक जुना खेळाडू जाणतो. खेळाडूला बोलायला काही उरलं नाही, की मात्र ते टेबल अर्ध्या तासात उठतं.